ऑगस्टात कोण आलं होतं?

१

कोट ठेवायच्या खिडकीपाशी रांग नव्हती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, बाहेर ओला बर्फ भुरभुरत होता, आणि शाळांना सुट्टी असूनही वोल्गाकाठच्या निझनी शहरातल्या किल्ल्यात, त्या संग्रहालयात सकाळी दहाला चिटपाखरू नव्हतं. रिम्माने आधी आपला कोट दिला, मग नवऱ्याचा, ग्लेबचा, मग मुलांचे. सात वर्षांच्या तायाने आपली टोपी आपणच कोटाच्या बाहीत खुपसली. चार वर्षांच्या फीमाने पाठीवरचं अस्वलाच्या तोंडाचं दप्तर उतरवलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं.

खिडकीतल्या म्हातारीने ते घेतलं, अडकवायची वादी बोटांनी चाचपली आणि तिचा चेहरा खुलला.

"शिवली का अखेर! म्हटलं होतं ना मी, एवढ्याशा कामाला कितीसा वेळ लागतो. निळ्या दोऱ्याने शिवलीय, पण असू दे. टिकली म्हणजे झालं."

रिम्माला वाटलं, ही मागच्या कुणाशी तरी बोलतेय. तिने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आजी, आमच्याशी बोलताय का?"

"मग काय भिंतीशी? उन्हाळ्यात आले होते हे दोघं, तेव्हा वादी तुटलेली. खुंटीवरून तीनदा खाली पडलं हे अस्वल." म्हातारी खिडकीतून वाकली. "काय गं सोनुले, आई नाही का आली आज?"

ताया आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"मी आहे त्यांची आई," रिम्मा म्हणाली.

म्हातारीने चष्मा काढला, जाकिटाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि रिम्माकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. घाई न करता पाहिलं. मग नंबराचे चार बिल्ले एकेक करून फळीवर ठेवले.

"असशील बाई," ती म्हणाली. "मी कोण नाही म्हणणारी."

जिना चढताना ग्लेब हसला. "दिवसाला पाचशे पोरं बघत असेल ती. सगळ्यांची तोंडं सारखीच दिसायला लागतात त्या वयात."

रिम्माही हसली. पण पहिल्या दालनातली चित्रं तिने पाहिली ती नुसती डोळ्यांनी. ते दप्तर फक्त अस्वलाचं आहे म्हणून म्हातारीचा घोटाळा झाला असेल, तसली दप्तरं बाजारात ढिगाने मिळतात. पण वादी खरोखरच तुटली होती. जुलैमध्ये तुटली होती. सप्टेंबरात ती निळ्या दोऱ्याने शिवलेली दिसली तेव्हा रिम्माला वाटलं होतं, सासूबाईंनी शिवली असणार.

सासूबाईंनी शिवली असेलही. पण ती तुटली होती हे ह्या म्हातारीला कुणी सांगितलं?

२

ही माणसं कोतेल्निचची. रेल्वेचं जंक्शन, नदीकाठची लाकडी घरं आणि एक दूध कारखाना, एवढंच त्यांचं गाव. रिम्मा त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे, नासलेलं कुठलं आणि नासू घातलेलं कुठलं ते ओळखायचं. ग्लेब उत्तरेला नैसर्गिक वायूच्या विहिरींवर काम करी, एक महिना तिकडे आणि एक महिना घरी. चौघं मिळून अशी कुठे कधी गेलीच नव्हती, कारण फीमाला घेऊन गाडीत बसणं म्हणजे शिक्षा होती. तो गाडी सुटल्यापासून भोकाड पसरायचा ते उतरेपर्यंत. तायाही काही कमी नव्हती. चालता चालता रस्त्यात बसकण मारायची.

ह्या शरदात मात्र पोरं एकाएकी शहाणी झाली. सांगितलेलं ऐकू लागली, ताटातलं संपवू लागली. ताया पहिलीत गेली, त्याचा परिणाम असेल, असं रिम्मा शेजारणींना सांगायची. म्हणून तर निझनीची तिकिटं काढली. आणि खरंच, येताना साडेपाच तास फीमा खिडकीशी बसून होता, चूं नाही की चां नाही.

संग्रहालयातून बाहेर पडून ते मोठ्या रस्त्याला लागले. ग्लेब फोनमध्ये नकाशा बघत होता. मुलं पुढे चालत होती, हात धरून. चौकाशी आल्यावर ती वळली.

"अरे थांबा! कुठे निघालात?" रिम्मा ओरडली.

"बकरीकडे," फीमा म्हणाला.

वळणापलीकडे, नाट्यगृहासमोर, खरंच एक पितळी बकरी खांबाला रेलून उभी होती. शिंगं लोकांनी चोळून चोळून पिवळीधमक झालेली. फीमाने सरळ जाऊन डाव्या शिंगाला हात लावला.

"तुला कसं कळलं रे, इथे बकरी आहे ते?"

फीमाने तायाकडे पाहिलं. ताया म्हणाली, "फोटो पाहिला होता."

"कुठे?"

"बाबांच्या फोनवर."

रिम्माने ग्लेबकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, हो नाही की नाही नाही. तो तिच्याकडेच बघत होता, आणि नजर भिडल्यावर त्याने फोन खिशात घातला.

तिथपर्यंत रिम्माच्या मनात काही नव्हतं. तिथून पुढे होतं.

३

दुपारी ते एका खाणावळीत बसले. खिडक्यांवर वाफ धरलेली, दारापाशी ओल्या लोकरीचा वास. वाढणारी बाई जाडजूड, हसरी, केसांना जाळी लावलेली. तिने ग्लेबच्या सूपवर मूठभर शेपू टाकला, रिम्माच्या टाकला, आणि मुलांच्या वाट्यांवर हात आणून थांबली.

"तुम्हांला शेपू नको, नाही का? आठवतं मला. आणि छोट्याला फळांचं पाणी कोमट."

घरी दोघंही शेपू खात. निदान उन्हाळ्यापर्यंत खात होती.

"ओळखता वाटतं तुम्ही ह्यांना?" रिम्माने शक्य तितक्या सहज विचारलं.

"अहो, एवढी गुणी पोरं विसरायला होतं का! त्या कोपऱ्यात बसली होती दोन तास. आई कुठे गेली होती कोण जाणे. रडली नाहीत, उठली नाहीत. हात टेबलावर ठेवून बसलेली." तिने पळी टेकवली. "तुम्ही कोण, मावशी?"

"मी घरातलीच," रिम्मा म्हणाली. का तसं म्हणाली, ते तिला कळलं नाही. पण नासलेला नमुना हाती लागला की ती आधी कुणाला सांगत नसे. बाजूला ठेवून द्यायची आणि दुसरा घ्यायची. सवयच ती.

सूप गार होईपर्यंत तिने सगळं जुळवून टाकलं. ऑगस्टमध्ये तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आधी दवाखाना, मग आरोग्यधामात तीन आठवडे. ग्लेब उत्तरेला होता. म्हणजे, उत्तरेला आहे असं तो म्हणाला होता. मुलं खेड्यावर सासूबाईंकडे. त्यात दोन-चार दिवसांची रजा काढून इथे यायला त्याला कितीसा वेळ? बरोबर दुसरी कुणी. आणि त्या दुसरीने लोकांपुढे आई म्हणून मिरवायचं, आणि पोरांना सांगून ठेवायचं, घरी बोलायचं नाही म्हणून.

सगळं नीट बसत होतं. एकच गोष्ट बसत नव्हती. म्हातारी असो की ही वाढपी, ग्लेबला कुणीच ओळखलं नव्हतं.

"जेव ना," ग्लेब म्हणाला. "काय झालं? बरं नाही का वाटत?"

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली आणि चमचा उचलला.

४

घर दोन रात्रींसाठी घेतलं होतं. जुन्या इमारतीत तिसरा मजला, उंच छत, मोरीत पाइपांची कुरकुर. संध्याकाळी साडेसहाला रिम्मा तायाला आरशासमोर बसवून वेणी घालत होती. ग्लेब स्वयंपाकघरात चहा करत होता. फीमा पलंगावर बसून होता. खेळत नव्हता, नुसता बसला होता.

"तशी नको, आई," ताया म्हणाली.

"मग कशी?"

"उलट. पेड खालून घ्यायचे. तू घालतेस ना, तशी."

"मी नेहमी अशीच घालते, ताया."

तायाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. चूक लक्षात आल्यावर मोठं माणूस पाहतं तसं पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "तू अशीच घालतेस."

रिम्माच्या हातातून पेड सुटले. तिने कंगवा ठेवला, मुलीला आपल्याकडे वळवलं, तिचे खांदे धरले. "ताया, खरं सांग. उन्हाळ्यात तुम्ही इथे कुणाबरोबर आला होतात?"

"आईबरोबर."

"मी दवाखान्यात होते गं."

पलंगावरून फीमा म्हणाला, "सांगायचं नाहीये."

"कुणी सांगितलं, सांगायचं नाही म्हणून? बाबांनी?"

"बाबांना पण सांगायचं नाहीये," फीमा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात ना भीती होती ना गंमत.

रिम्मा उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने दार लावून घेतलं.

"कोण आहे ती?"

ग्लेबने किटली खाली ठेवली. त्याने "कोण ती" असं विचारलं नाही. त्याने पाकीट काढलं, आतून घडी घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला.

"मी हेच तुला विचारणार होतो," तो म्हणाला. "दोन महिने झाले, विचारीन विचारीन म्हणतोय."

रोपवेचं तिकीट होतं. निझनीहून नदीपलीकडे, बोरला. एकोणीस ऑगस्ट. एक मोठं माणूस, दोन मुलं.

"फीमाच्या दप्तरात सापडलं. तू आरोग्यधामात होतीस ना त्या दिवशी? पोटाला टाके, चालवत नाही, म्हणत होतीस. आणि इथे पोरांना घेऊन रोपवेत बसलीस? कुणाला भेटायला आली होतीस, रिम्मा?"

"मी?"

"निझनीची तिकिटं मी उगाच नाही काढली. म्हटलं, इथे आल्यावर तुझा चेहरा बघू. आणि दिवसभर बघतोय."

दोघंही दबक्या आवाजात भांडत होती, मुलांच्या आईबापांना सवय असते तशी. तिने आरोग्यधामाचे कागद आठवून सांगितले, डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, खोलीतल्या बायकांची नावं सांगितली. त्याने विहिरीवरची हजेरी सांगितली. शेवटी ग्लेब म्हणाला, "थांब. आईलाच विचारू," आणि त्याने फोन लावून टेबलावर ठेवला, दोघांना ऐकू येईल असा.

झिनाइदा मात्वेयेव्नांनी, म्हणजे सासूबाईंनी, उचलायला वेळ लावला. वयामुळे बाईंचे गुडघे धरलेले आणि डोळ्यांत मोतीबिंदू.

"आई, ऑगस्टमध्ये मुलं तुझ्याकडेच होती ना? सगळे दिवस?"

"माझ्याकडे नाही तर कुणाकडे? फक्त ते दोन दिवस सोडून."

"कुठले दोन दिवस?"

"अरे, सूनबाई येऊन घेऊन गेली नाही का! रिम्मा, आहेस ना गं तिथे? तूच सांग की ह्याला. भरउन्हाळ्यात तो जाड राखाडी कोट अंगात. म्हटलं, ऑपरेशन झालंय, थंडी भरली असेल बिचारीला. पण घरात पाऊल टाकशील तर शपथ. अंगणातूनच हाक मारलीस पोरांना. आणलंस तेव्हाही तसंच, फाटकातूनच परत. चहा तरी घ्यायचा होतास. सासू काय विष घालते?"

रिम्मा फोनकडे बघत होती. ग्लेब तिच्याकडे बघत होता.

"आणि तायाचा तो पिवळा फ्रॉक कुठे घालवलास? गेली तेव्हा अंगावर होता. आली ती दुसऱ्याच कपड्यांत. पण एक मात्र म्हणेन हं, तू काय सांगितलंस त्यांना कोण जाणे, परत आली ती किती शहाणी होऊन आली! जाताना रडून गाव गोळा केलं होतं फीमाने. आल्यावर? सांगेन तिथे बसायचा."

ग्लेबने फोन बंद केला.

"आई खोटं बोलत नाही," ग्लेब म्हणाला.

"त्यांना दिसत नाही, ग्लेब. राखाडी कोटातली कुणीही बाई."

"आवाज? पोरं कशी गेली तिच्याबरोबर?" तो थांबला. "रडत गेली, म्हणाली ना आई."

मग त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. कुणीतरी परकी बाई त्यांच्या पोरांना दोन दिवस उचलून घेऊन गेली होती आणि घरच्यांना अडीच महिने पत्ता नव्हता, असाच ह्याचा सरळ अर्थ होता. सकाळी पोलीस चौकीत जायचं ठरलं.

पलीकडच्या खोलीत मुलांचा आवाज नव्हता. रिम्माने दार ढकललं. दोघंही दाराशीच उभी होती, पायजम्यात, हात धरून.

"झोपू का आता?" तायाने विचारलं.

५

रात्र सरली तेव्हा रिम्माला तिसरी शंका आली होती. सासूबाईंचं सगळं बोलणं तिने घोळून घोळून पाहिलं. आई आणि मुलगा दोघांनी आधीच ठरवलं असेल तर? सासूबाईंनी मुलाची बाजू सावरायला ही राखाडी कोटाची कथा रचली असेल तर? पोलिसांत जातो म्हणून तो बाहेर पडेल आणि तासाभराने येऊन सांगेल, पाहतो म्हणालेत. नवऱ्याची बाई, हे दुखणं तिला निदान कळण्यासारखं होतं. राखाडी कोट कळण्यासारखा नव्हता. म्हणून ती त्या शंकेला धरून बसली.

नऊ वाजता ग्लेब निघाला. "कुठे जाऊ नका," तो म्हणाला. "दुपारच्या गाडीने घरी."

तो जिना उतरल्याबरोबर रिम्माने मुलांना कोट घातले. ज्याला ग्लेबशी किंवा त्याच्या आईशी काही देणंघेणं नाही, असा माणूस तिला हवा होता. तिकिटावर स्थानकाचं ठिकाण छापलेलं होतं.

"कुठे जायचंय?" तायाने विचारलं.

"रोपवेला."

आदल्या दिवसापासून प्रथमच मुलांची पावलं अडखळली. "रोपवे नको," ताया म्हणाली. "आम्ही पाहिलाय."

"मी नाही पाहिला."

टेकडीवरच्या स्थानकात गर्दी नव्हती. खाली वोल्गा शिशाच्या रंगाची, पलीकडे बोरचा काठ धुक्यात बुडालेला. पाळणे एकामागून एक येत, मंद होत, दारं उघडत, वळसा घेऊन परत निघत. नारिंगी जाकिटातला एक चाळिशीचा माणूस लोकांना हात देऊन चढवत होता. त्याने फीमाला उचलून आत ठेवलं आणि दाढी खाजवत म्हणाला, "अरे! तुम्हीच ना ते उन्हाळ्यातले?"

"तुम्ही पाहिलं होतं ह्यांना?" रिम्मा एक पाय आत टाकून थांबली. "कोण होतं बरोबर?"

"आई होती की त्यांची. चढा, चढा बाई, तो थांबत नाही. विसरेन कसा? जाताना काय तो दंगा! दाराला धरून बसली होती दोघं, चढेनात. माझ्या ह्या बोटाला चावला हा पठ्ठ्या. आणि अर्ध्या तासाने परत आली तर—" तो पाळण्याबरोबर चार पावलं चालला, "चिडीचूप! म्हटलं, बोरला असं काय औषध—"

दार सरकून बंद झालं. पाळणा उचलला गेला, एकदा झुलला आणि टेकडी पायाखालून निसटली.

६

आत तिघंच. रिम्मा एका बाजूला, मुलं समोरच्या बाकावर, मागच्या टेकडीकडे तोंड करून. तारेची घरघर खांबाशी वाढायची आणि मग इतकी कमी व्हायची की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

जाताना दंगा. येताना चिडीचूप. ती हे मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोन मुलं घेऊन ती बाई गेली आणि दोन मुलं घेऊन परत आली. मग बिघडलं कुठे? सगळा हिशेब बरोबर होता.

खाली पाणी संपेना. समोरून, दुसऱ्या तारेवरून, बोरकडचे पाळणे येत होते. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात एक म्हातारा सायकल धरून बसला होता, त्याने हात हलवला. मग दोन रिकामे.

त्याच्या पुढच्यात एक बाई उभी होती. पाठ इकडे. राखाडी कोट, केस अंबाड्यात बांधलेले. ती बसली नव्हती, कशाला धरलंही नव्हतं. पाळणा झुलत होता आणि ती झुलत नव्हती.

तिच्या दोन्ही बाजूंना, काचेला चिकटून, दोन मुलं होती.

पाळणे एकमेकांजवळून जायला किती वेळ लागतो? तीन श्वास, फार तर चार. तेवढ्यात रिम्माला दिसलं ते असं: नोव्हेंबरच्या त्या थंडीत मुलीच्या अंगात बिनबाह्यांचा पिवळा फ्रॉक होता. वेणी वरून पेड घेऊन घातलेली, अर्धी सुटलेली. मुलाचं नाक वाहत होतं. दोघंही पंज्यांनी काच बडवत होती, जिवाच्या आकांताने, आणि दोघांचीही तोंडं उघडी होती. आवाज येत नव्हता. पण कुठल्या शब्दाला तोंड असं उघडतं ते कुठल्याही आईला कळतं.

मुलीने तिला पाहिलं. तिलाच. आणि काचेवरचा हात थांबला.

मग पाळणा मागे गेला.

"आई," समोरच्या बाकावरून ताया शांतपणे म्हणाली. तिने मान वळवली नव्हती. "तिकडे नको बघू. खाली बघ, नदी बघ."

"ती—" रिम्माने मागे गेलेल्या पाळण्याकडे बोट केलं. "ती मुलं कोण होती?"

"कुणाची तरी असतील," ताया म्हणाली.

फीमाने पुढे होऊन तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. छोटासा, गुबगुबीत, गरम हात. सप्टेंबरपासून रोज तिने धुतलेला, नखं कापलेला हात. रिम्माने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की आपण गुडघा मागे घेतलाय.

बोरचं स्थानक आलं. पाळणा मंदावला, दार उघडलं. मुलं आपण होऊन उतरली, आधी ताया, मग फीमा, आणि फलाटावर उभी राहून दोघांनी तिच्यासाठी एकेक हात पुढे केला.

"चल, आई."

पाळणा वळसा घेत होता. फलाटावरची कर्मचारी मुलगी कुणाशी तरी बोलत पाठमोरी उभी होती. रिम्मा बसून राहिली. आपण काय करतोय हे तिला पुरतं माहीत होतं. नंतर कुणी काहीही म्हणालं तरी ती भानावर होती. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि दार बंद होईपर्यंत त्या दोन हातांकडे पाहिलं नाही.

७

परतीची बारा-तेरा मिनिटं ती उभीच होती, कपाळ काचेला लावून. पुढे लांब, तारेवर, तो पाळणा ठिपक्याएवढा दिसत होता, आणि त्याच्या आणि तिच्यामधलं अंतर कमी होत नव्हतं.

स्थानकात ती दार पुरतं उघडायच्या आत उडी मारून उतरली. नारिंगी जाकीटवाल्याच्या दंडाला तिने धरलं.

"आत्ता, सायकलवाल्याच्या मागून, राखाडी कोटातली बाई उतरली. दोन मुलं होती. कुठे गेली?"

"सायकलवाला गेला," तो म्हणाला. "त्याच्यामागचे सगळे रिकामे आले. बाई, तुमची मुलं कुठे आहेत?"

त्याच्या कमरेच्या यंत्रातून कर्कश आवाज आला. बोरहून विचारत होते, फलाटावर दोन मुलं आहेत, एकटी, कुणाची?

पुढचं भराभर झालं. कुणी तिला खुर्चीवर बसवलं. कुणी पाणी दिलं. तिने ग्लेबचा फोन उचलला असावा, कारण थोड्या वेळाने तो आला, धापा टाकत, बरोबर एक तरुण पोलीस. जाकीटवाल्याने दोघांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ग्लेब तिच्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत कालचा संशय नव्हता. त्याहून वाईट होतं काही. तिची कीव होती.

"पोरांना तिथे टाकून आलीस?" तो हळू आवाजात म्हणाला. "रिम्मा, तुला बरं नाहीये. आपण घरी जाऊ. दाखवू कुणाला तरी."

"ती आपली नाहीत," ती म्हणाली. "ग्लेब, आपली त्या पाळण्यात आहेत. पिवळा फ्रॉक घातलाय तिने. थंडी वाजत असेल तिला."

पोलिसाने लिहायला काढलेली वही मिटली.

बोरची कर्मचारी मुलगी दोघांना घेऊन आली. दोघांच्या हातात एकेक बन होता, न खाल्लेला.

"इतकी शहाणी मुलं नाही पाहिली मी," ती सांगत होती. "डोळ्यांतून एक टिपूस नाही. नुसती उभी होती. म्हटलं आई येईल हं, तर ही म्हणते, माहीत आहे."

ग्लेब गुडघ्यांवर बसला आणि दोघांना मिठीत घेतलं. त्याची पाठ गदगदत होती. त्याच्या दोन खांद्यांवरून दोन चेहरे रिम्माकडे बघत होते. त्यांत राग नव्हता, रुसवा नव्हता. आता ही काय करते, एवढंच ती बघत होती.

रिम्माने पाणी संपवलं. उठली. दुसरं करण्यासारखं काय होतं? पोलीस बघत होता, नवरा बघणार होता, आजपासून सगळेच बघणार होते. तिने हात पुढे केले, आणि मुलांनी ते धरले.

पलीकडे चाकाला वळसा घालत आणखी एक पाळणा स्थानकात शिरत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली होती.

ग्लेब डोळे पुसत उभा राहिला आणि एकदम थबकला. त्याने मान तिरपी केली.

"हे काय वाजतंय?" तो म्हणाला. "काच बडवल्यासारखं?"

"काही नाही, बाबा," दोघं एकदमच म्हणाली.